साट्यालोट्याची किडनी

"सगळ्यांच्या घरी गुरुवारी दत्त येतात. आमच्याकडं थोरातबाई येतात."

वृषालीनं हे कढईला सांगितलं होतं. पण खराड्यांचं स्वयंपाकघर एवढंसं, की कढईला सांगितलेलं फ्रिजपाशी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जायचं. संग्राम बाटलीनं पाणी पीत होता, तो ठसकला.

"काय म्हणालीस?"

"पोहे म्हटलं. पोहे होत आलेत."

"मला थोरातबाई ऐकू आलं."

"तुम्हाला हल्ली तेच ऐकू येतं."

संग्रामनं बाटली फ्रिजमध्ये ठेवली. आरशापाशी जाऊन त्यानं भांग पाडला. गणपती पेठेत त्याचं दुकान होतं, विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं. एरवी केसांतून नुसता हात फिरवून बाहेर पडणारा माणूस. गुरुवारी मात्र कंगवा सापडायचा, आणि इस्त्रीचा शर्टही.

तेवढ्यात भिंतीवरच्या डब्यानं बारीक शीळ घातली आणि त्याच्या तोंडातून वाटीत मोहरीएवढे पांढरे दाणे पडले. वृषालीनं वाटी उचलून नवऱ्यापुढं धरली. दाणे पूर्वीपेक्षा कमी होते, आणि हे बघताना तिची मान रोज थोडी ताठ व्हायची.

त्या डब्याचा आणि संग्रामच्या दंडावरच्या चकतीचा मिळून एकच संच होता. कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं, पण मिरज-सांगलीकडं सगळे त्याला राखण म्हणायचे. शेताला असते तशी. दुसऱ्याची किडनी अंगात बसवली की शरीर तिला परकी समजून हाकलायला बघतं. त्याला गप्प बसवणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं, आणि त्याची वाट मोठी अरुंद. कमी पडलं की शरीर किडनीवर धावून जातं, जास्त झालं की औषधच किडनीला बाधतं. पूर्वी लोक महिन्यातून एकदा रक्त तपासायचे आणि मधले दिवस देवावर सोडायचे. आता दंडावरची चकती केसाहून बारीक सुयांनी कातडीखालचं औषध दिवसभर चाखत राहायची आणि डब्याला कळवायची. डबा तेवढेच दाणे सोडायचा. हळूहळू राखण त्या माणसाचं अंग शिकायची आणि त्याप्रमाणे माप कमी-जास्त करायची. मात्र एकदम उडी मारायची नाही, एक-एक पायरी चढायची-उतरायची, असा तिला नियम घालून दिलेला होता. काही वेगळं दिसलं तर मोबाइलवर विचारायची, 'एखादं औषध, काढा, चूर्ण, जडीबुटी घेता का?' संग्राम दर वेळी 'नाही' दाबायचा. मनापासून.

दिवाळीपासून दाणे कमी कमी होत निम्म्यावर आले होते. स्क्रीनवर भेटणाऱ्या डॉक्टर, मुजावर मॅडम, हसून म्हणाल्या होत्या, "काय जादू करताय वृषालीताई? निम्म्या औषधात एवढी चांगली पातळी राहत नाही हो कुणाची." वृषालीनं ते भिशीच्या सगळ्या बायकांना सांगितलं. एकीला दोनदा.

फाटक वाजलं. "आल्या," संग्राम म्हणाला, आणि शर्टाचं खालचं बटण नीट आहे का ते त्यानं चाचपलं.

खालचं बटण. कारण किडनी तिथंच होती, उजवीकडं, ओटीपोटात. रोहिणी थोरात बोलायला बसली की तिची नजर फिरून फिरून तिथंच जायची.

*

वृषालीची किडनी संग्रामला जुळत नव्हती. हरिपूरच्या अभिजित थोरातला त्याच्या बायकोची, रोहिणीची, जुळत नव्हती. पण वृषालीची अभिजितला जुळत होती आणि रोहिणीची संग्रामला. मिरजेच्या हॉस्पिटलातल्या संगणकानं ही चौघांची गाठ घातली तेव्हा वृषालीची आत्या गावाहून फोनवर म्हणाली होती, "म्हणजे साटंलोटं की गं! त्यांची लेक आपल्यात, आपली त्यांच्यात."

तेव्हा सगळे हसले होते. एकाच सकाळी, एकाच मजल्यावर चारही ऑपरेशनं झाली. दोन्ही बायका आपापली कूस धरून एकाच बाकावर उन्हाला बसल्या. रोहिणीनं आपल्या डब्यातली लापशी वृषालीला दिली होती आणि वृषालीनं ती आवडीनं खाल्लीही होती.

साट्यालोट्याचं एक असतं. एका घरची लेक नांदली नाही, की दुसऱ्या घरच्या लेकीलाही माहेरची वाट धरावी लागते.

वृषालीची किडनी थोरातांकडं नांदली नाही. वर्षही धरलं नाही तिनं. अभिजित पुन्हा डायलिसिसवर गेला, त्यातच जंतुसंसर्ग झाला आणि गेला. राखण तेव्हा यायची होती. खराडे भेटायला गेले तेव्हा सगळे 'देवाची इच्छा' म्हणाले, आणि त्याहून पुढं कुणी एक शब्द बोललं नाही. तेव्हापासून वृषालीला वाटायचं, आपण भरल्या बाजारात खोटं नाणं देऊन खरा माल उचलून आणला. हे तिनं कढईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

आणि वर्षश्राद्ध झाल्यावर, मागच्या दिवाळीत, रोहिणी यायला लागली. दर गुरुवारी.

"कशी आहे?" ती दारातच विचारायची. पहिल्यांदा वृषाली "बरी आहे की" म्हणाली होती. मग तिला कळलं, हे तिच्याबद्दल नव्हतं.

"मस्त आहे," आज संग्राम म्हणाला. "बसा की. वृषाली, पोहे आण."

रोहिणीनं पिशवीतून वांगी काढली, कोवळी मेथी काढली. वानवळा आणायची पद्धत हिची. तिचे तळवे कायम पिवळसर असायचे. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं कधीच बुजली होती, पण थोरातांचा हळदीचा कारखाना अजून चालू होता. ही बाई खोलीत आली की खोलीला हळदीचा वास यायचा आणि गेल्यावर बराच वेळ राहायचा. वृषाली खिडक्या उघडायची.

"पाणी पिता ना वेळेवर?" रोहिणी संग्रामला विचारत होती. "उन्हाचं दुकानात बसता. घागरभर पाणी ठेवत जावा."

"ठेवते मी," वृषाली आतून म्हणाली. "घरातलं माणूस आहे अजून."

त्यातलं टोचणारं होतं ते हे, की रोहिणी संग्रामला काहीच म्हणायची नाही. दादा नाही, भाऊजी नाही, अहो-काहो नाही. नुसतं 'पिता ना', 'ठेवत जावा'. ती एकदा दादा म्हणाली असती तर वृषालीचं निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. पण जिची किडनी नवऱ्याच्या पोटात धडधाकट आहे, ती बाई नात्यानं कोण लागायची, याला मराठीत शब्द नाही. वृषालीनं मनातल्या मनात एक दिला होता. विहीण. लेक सुखात आहे का, ते बघायला येणारी, सासरच्या डब्यांची झाकणं उघडणारी विहीण.

निघताना रोहिणी वळून म्हणाली, "खंड नको पडू द्यायला."

"कशाला?" वृषालीनं विचारलं.

"पाण्याला," संग्राम घाईनं म्हणाला.

*

दोन दिवसांनी संग्राम जेवणाचा डबा घरीच विसरला. वृषाली डबा घेऊन दुकानात गेली तेव्हा तो समोरच्या गल्लीत कुणाची बंद पडलेली रिक्षा बघायला गेला होता. टेबलावर जागा करायला तिनं मीटर बाजूला सरकवला, तर त्याच्यामागं एक स्टीलची डबी. झाकणावर कोरलेलं नाव: सौ. रोहिणी अभिजित थोरात. नवरा गेला तरी भांडं त्याचं नाव जपतं, वरची सौ. अजून झिजली नव्हती.

आत गोळ्या होत्या. बोराएवढ्या, गर्द पिवळ्या, तुपाळ. हळद, आणि नाकाला झोंबेल एवढी काळी मिरी.

वृषाली खुर्चीवर बसली. दिवाळीपासून बाई यायला लागली. दिवाळीपासून दाणे कमी व्हायला लागले. हिशेब करायला मुजावर मॅडमची गरज नव्हती. अळणी भाज्या तिनं केल्या, पाण्याच्या बाटल्यांवर खुणा तिनं केल्या, पहाटे उठून फिरायला त्याला तिनं हाकललं. आणि औषध निम्म्यावर आणलं ते हिच्या बोराएवढ्या गोळ्यांनी! किडनी तिची, आणि आता गुणही तिचाच. मग आपलं या माणसात उरलं काय? लग्नाचं सर्टिफिकेट?

संग्राम आला तेव्हा डबी मीटरमागं होती आणि वृषाली उभी होती.

"गप्प का?"

"ऊन लागलं."

डबी फेकून देणं सोपं होतं. पण मग संग्राम नवी मागणार, ती बाई दुप्पट आणणार. वृषालीला त्याहून गोड काहीतरी हवं होतं. त्या दुपारी तिनं डाळ्याचं पीठ भाजलं, गूळ घातला, तूप घातलं, रंगापुरती हळद आणि झणका यावा म्हणून चिमटीभर सुंठ. बोराएवढ्या गोळ्या वळल्या. दुसऱ्या दिवशी ती डबा द्यायच्या निमित्तानं पुन्हा दुकानात गेली आणि मीटरमागच्या डबीत आपल्या गोळ्या भरून, त्या बाईच्या घेऊन आली. त्या तिनं तुळशीत टाकल्या. मग तुळशीला काही होईल म्हणून उकरून काढल्या. नवऱ्याच्या बाबतीत एवढी काळजी तिला सुचली नाही, कारण हळद बंद केली म्हणून कुणाला काय होतंय?

पुढच्या गुरुवारी रोहिणी नेहमीसारखी आली, गेली. संग्राम तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. वृषाली खिडकीशी होती. मुद्दाम नव्हे, खिडकी उघडायची होतीच.

"या वेळच्या गोळ्या फार झकास झाल्यात," संग्राम हळू आवाजात म्हणत होता. "मिरी कमी केली काय?"

"नाही की," रोहिणी म्हणाली. "नेहमीचंच माप आहे."

"मग हाताला गोडी आली म्हणायची तुमच्या."

वृषालीनं खिडकीचा गज घट्ट धरला. एवढ्या वर्षांत तिच्या हाताला त्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही तिच्याच गोळीला, आणि तेही दुसरीचा हात समजून. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं तो शोधला, पण सापडला नाही. तरी रोहिणीनं दिलेल्या नव्या डबीतल्या गोळ्याही तिनं त्याच दिवशी बदलल्या, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारच्याही. सुरू केलेलं सोडायचा तिचा स्वभाव नव्हता.

मग भिंतीवरच्या डब्यातून दाणे जास्त पडायला लागले. आज थोडे, उद्या आणखी थोडे. वृषालीला वाटलं, यंत्र बिघडलं. संग्रामचा मोबाइल विचारायला लागला, 'डोस चुकला का?' त्यानं नाही दाबलं. 'काही नवीन घेता का?' नाही. मग एका सकाळी पोहे तसेच राहिले, चकतीनं कधी काढला नव्हता असा आवाज काढला आणि मिरजेहून फोन आला, "पेशंटला घेऊन लगेच या. चालत नको, गाडीनं."

*

हॉस्पिटलात त्यांच्याआधी रोहिणी पोचली होती. किडनी देणाऱ्याला राखणीचा आलेख बघायची मुभा असते, हे वृषालीला त्या दिवशी कळलं. म्हणजे रोज, हरिपुरात बसून, ही बाई तिच्या नवऱ्याच्या रक्ताची रेघ बघत होती.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" वृषालीनं विचारलं.

"रेघ खाली गेली," रोहिणी म्हणाली. तिचा पदर घामानं भिजला होता. "मला राहवलं नाही."

संग्रामला आत घेऊन सलाइन लावलं. मग डॉ. मुजावर तिघांशी बोलायला त्याच्या खाटेपाशी आल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, घाईत असल्या तरी खुर्ची ओढून बसणाऱ्या बाई.

"ऐका," त्या म्हणाल्या. "रक्तातलं औषध एकदम खाली आलंय. राखण माप वाढवत होती, पण तिची चाल पायरीपायरीची. शरीरानं किडनीवर हल्ला सुरू केलाय. अजून सुरुवात आहे, पण मला कारण कळल्याशिवाय पुढचं माप ठरवता येत नाही. अंदाजानं जास्त दिलं तर तेच औषध किडनी जाळेल. काय बदललं? काही चालू केलं? काही बंद केलं?"

संग्राम छताकडं बघत होता. त्याला गोळ्यांचं बायकोसमोर सांगायचं नव्हतं. रोहिणी स्वतःच्या पिवळ्या तळव्यांकडं बघत होती. वृषाली सलाइनच्या थेंबांकडं.

"काढा? चूर्ण? कुणी दिलेली पुडी?" मुजावर मॅडमनी विचारलं. "मी ओरडणार नाही. ओरडायला वेळ नाही मला."

"नाही मॅडम," संग्राम म्हणाला. "तसलं काही नाही. नुसती हळद."

"कसली हळद?"

"हळदीची गोळी. रोज एक. यांनी दिलेली. पण हळदीला कोण औषध म्हणतंय मॅडम? सांगलीत?"

"मिरी असते त्यात?"

"असते," रोहिणी म्हणाली. "तूप-मिरीशिवाय हळद अंगी लागत नाही."

मुजावर मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग हाताची मूठ करून पुढं धरली. "हे बघा. आतड्यात आणि यकृतात पहारेकरी असतात. तोंडानं घेतलेलं औषध रक्तात जायच्या आत ते बरंचसं मोडून टाकतात. आम्ही माप ठरवतो ते ही मोडतोड धरूनच. भाजीतल्या चिमूटभर हळदीनं काही होत नाही. पण अशी गोळीच करून, वर मिरी, तीही रोज... मिरी त्या पहारेकऱ्यांचे हात बांधते. मग मोडतोड थांबते आणि तेवढ्याच दाण्यांतून दुप्पट औषध रक्तात जातं. यंत्राला वाटलं, या माणसाला कमीच लागतं. त्यानं माप निम्म्यावर आणलं. जादू नव्हतीच ती. मीसुद्धा फसले, मी विचारायला हवं होतं." त्यांनी संग्रामकडं पाहिलं. "पण हे तर चालू असताना. मग पातळी खाली का? बंद केलीत का गोळी?"

"नाही! कालपण खाल्ली. देवाशपथ."

"मी खंड पडू दिला नाही," रोहिणी घाबरून म्हणाली. "एक गुरुवार चुकवला नाही मी."

"मग जुळत नाही," मॅडम उठल्या. "गोळी चालूच असेल तर कारण दुसरं आहे, आणि तसं असेल तर मला आत्ताच मोठं औषध द्यावं लागेल. त्यात धोका आहे. पण—"

"थांबा," वृषाली म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"गोळ्या मी बदलल्या. दोन आठवडे झाले. डाळ्याचं पीठ आणि गूळ आहे त्यात. हळद नावाला."

संग्राम उशीवरून उठायला गेला. "वृषाली?"

"पडून राहा. आवडल्या होत्या ना? गोडी आली म्हणालात ना हाताला? माझ्या हाताची होती ती." आणि मग ती रोहिणीकडं वळली, कारण आता थांबून उपयोग नव्हता. "मला बघवत नव्हतं. तुम्ही दर गुरुवारी येता, ह्यांच्या पोटाकडं बघता, आणि ह्यांचं औषधही तुमच्याच हातानं कमी होतं. माझं काय? माझी तर तुमच्याकडं टिकलीच नाही. मनात म्हणत असाल ना तुम्ही, आमची चांगली नेली आणि आम्हाला सडकी दिली? म्हणा की एकदा. दर गुरुवारी वांगी कशाला आणता?"

मुजावर मॅडम तोवर दारातून नर्सला माप सांगत होत्या. जुनं, दिवाळीआधीचं माप, आणि सोबत हल्ला थोपवायचं हलकं इंजेक्शन. मग परत येऊन म्हणाल्या, "हे सांगितलंत ते फार बरं केलंत. वेळ गेलेली नाही. संध्याकाळपर्यंत रेघ वर यायला लागेल." त्या रोहिणीकडं वळल्या. "आणि ऐका, चालू करणं जेवढं धोक्याचं, तेवढंच न सांगता बंद करणं. चालू असताना माप कमी होतं. आणि अचानक बंद केलं, की पहारेकऱ्यांचे हात सुटतात, औषध पुरत नाही, आणि किडनी उघडी पडते."

रोहिणी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की मॅडमनी पुढचं वाक्य गिळलं.

"बंद केल्यावर?" तिनं विचारलं. "देताना नाही? बंद केल्यावर?"

"हो."

"मी त्यांनाही द्यायची. आमच्या ह्यांना. ऑपरेशनानंतर रोज दोन. महिन्याच्या रक्तात औषध जास्त यायचं, डॉक्टर कमी करायचे, आम्हाला आनंद व्हायचा." ती कुणाकडंच बघत नव्हती. "मग सासूबाई गेल्या. सुतकात आमच्याकडं हळद वर्ज्य. फोडणीसुद्धा नाही. तेरा दिवस गोळी दिली नाही. सुतक फिटलं, गोडाचं जेवण झालं, आणि चारच दिवसांत ह्यांच्या अंगावर सूज आली. मला वाटलं, हळदच राखत होती त्यांना. माझा खंड पडला म्हणून गेली. म्हणून मी इथं..." तिनं खाटेकडं हात केला. "इथं खंड पडू द्यायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. तुम्हाला तोंड दाखवायला होत नव्हतं, म्हणून वांगी आणायची."

सलाइन टपटपत होतं. संग्रामनं हात पुढं केला, पण कुणाचा धरायचा ते न कळून चादरीवरच ठेवला.

"म्हणजे माझी..." वृषाली म्हणाली.

रोहिणी उठली. खाटेला वळसा घालून ती वृषालीपाशी आली आणि आजवर कधी न बघितल्यासारखी तिच्या कुशीकडं, जिथून किडनी काढली होती तिथं, बघत राहिली.

"चांगली होती हो ती, ताई," रोहिणी म्हणाली. "नांदली असती. तुमची खोटी नव्हती. मी घालवली."